इंग्रजीच्या वर्गातील मराठी

(शिवरे, तालुका भोर, येथील प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यासाठी दिलेले व्याख्यान)



इंग्रजी हा विषय प्राथमिक शाळेच्या दाराशी येऊन उभा राहिला, त्याला आता बरीच वर्षे लोटली. एके काळी मुंबई राज्यात तो आठव्या इयत्तेपर्यंत मागे सरला होता. पुढे तो पाचवीवर आला आणि जून २००० पासून महाराष्ट्रात थेट पहिलीच्या वर्गात जाऊन बसला. ज्या गुरुजींनी व बाईंनी आयुष्यभर मुळाक्षरे व पाढे शिकविले, त्यांच्या हाती एक परकी भाषा आली. तिचा ध्वनी त्यांच्या कानांना सरावाचा नाही, आणि तिच्याविषयी पालकांच्या अपेक्षा मात्र फार मोठ्या आहेत. पुणे-सातारा मार्गावरच्या गावांतून सकाळी इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या गाड्या मुले घेऊन जातात. गावच्या शाळेचा पट घटतो आणि 'तुमच्या शाळेत इंग्रजी कसे आहे?' हा प्रश्न मुख्याध्यापकाला पारावर, लग्नकार्यात, कोठेही ऐकावा लागतो. हा प्रश्न उर्मट नव्हे. लेकराच्या हिताची काळजी त्यामागे आहे. त्याला उत्तर मात्र नीट विचार करून दिले पाहिजे.

असा विचार करू लागले म्हणजे कात्रजच्या घाटापलीकडील एका शाळेची आठवण होते. तिच्या नावातच इंग्रजी होते. १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात 'न्यू इंग्लिश स्कूल' निघाले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७९ साली सरकारी शाळेतील नोकरी सोडली. त्यांना बाळ गंगाधर टिळक व माधवराव नामजोशी येऊन मिळाले. वामन शिवराम आपटे लवकरच आले आणि १८८१ साली गोपाळ गणेश आगरकर एम. ए. होऊन रुजू झाले. सरकारी नोकरीत अधिक वेतन सहज मिळू शकेल अशी ही माणसे होती. अल्प वेतनात, कमी फीमध्ये, आपल्या लोकांनी आपल्या लोकांसाठी चालविलेली शाळा हा त्यांचा संकल्प होता. पाच वर्षांत विद्यार्थ्यांची संख्या हजाराच्या घरात गेली. १८८२ साली शिक्षणाच्या चौकशीसाठी आलेल्या कमिशनचे अध्यक्ष विल्यम हंटर यांनी या शाळेची मुक्तकंठाने प्रशंसा केली. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज ही तिचीच वाढ होय.

हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. त्यातील ज्या एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही, ती येथे सांगावयाची आहे.

त्या काळी हायस्कूलच्या वरच्या वर्गांत इतिहास, बीजगणित इत्यादी विषयही इंग्रजीतूनच चालत. मॅट्रिकच्या परीक्षेची सारी मदार इंग्रजीवर असे. अशा शाळेचे शिक्षक इंग्रजीवेडे असावयाचे, अशी सामान्यतः कल्पना होईल. प्रत्यक्षात ही मंडळी मराठीची घडवणूक करणारी निघाली. चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ पासूनच चालू होती. जॉन्सन व मेकॉले यांच्या गद्याचा व्यासंग पचवून त्यांनी मराठी गद्याला एक नवा ताठरपणा दिला. (हा ताठरपणा अनेकांना रुचला नाही, ही गोष्ट निराळी.) याच मंडळींनी १८८१ च्या जानेवारीत मराठीत 'केसरी' आणि इंग्रजीत 'मराठा' अशी दोन पत्रे एकाच आठवड्यात सुरू केली. आपट्यांनी संस्कृत रचनेवर इंग्रजीत मार्गदर्शक पुस्तक लिहिले आणि पुढे संस्कृत-इंग्रजी कोश रचला. दिवसा वर्गात शिकविणे आणि रात्री दोन्ही भाषांच्या मधल्या भिंतीत दारे पाडणे, असा त्यांचा क्रम होता.

त्यातही आगरकरांचे उदाहरण खेड्यातील शिक्षकाला अधिक जवळचे वाटावे. ते कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचे. घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची. 'केसरी'तील लेखांवरून १८८२ साली त्यांना व टिळकांना डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढावे लागले. त्या कोठडीत आगरकरांनी शेक्सपिअरचे 'हॅम्लेट' मराठीत उतरविण्याचे काम हाती घेतले. ते १८८३ साली 'विकारविलसित' या नावाने प्रसिद्ध झाले. परंतु प्राथमिक शिक्षकाच्या दृष्टीने त्याहूनही मोलाचे असे त्यांचे दुसरे पुस्तक आहे, ते 'वाक्यमीमांसा'. इंग्रजी व्याकरणात वाक्याचे पृथक्करण करण्याची जी रीत होती, ती त्यांनी मराठी वाक्याला लावून दाखविली. उद्देश्य कोणते, विधेय कोणते, कोणते वाक्य मुख्य आणि कोणते त्याच्या आश्रयाने राहिलेले, हे मराठीत उकलून पाहण्याची सवय मुलांना लागावी, हा त्यातील हेतू. सुधारक म्हणून आगरकरांचे नाव घेतले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु वाक्याच्या गाठी सोडविणारा शिक्षक म्हणून त्यांचे स्मरण कमी होते.

इंग्रजी शिकविणाऱ्या हायस्कुलातील इतक्या थोर शिक्षकाला मराठी वाक्याचे पृथक्करण कशासाठी हवे होते? कारण उघड आहे. ज्या मुलाला आपल्याच भाषेतील वाक्याचा सांगाडा दिसत नाही, त्याला परक्या भाषेतील वाक्य म्हणजे शब्दांची रास वाटते. तो ती पाठ करील, घडाघड म्हणूनही दाखवील, परंतु त्यातून अर्थ काढू शकणार नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ही शाळा शहरातील होती, आणि तिचे बहुसंख्य विद्यार्थी ज्या घरांत विद्या पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती, अशा घरांतील होते. ज्या १८८२ साली हंटर कमिशनपुढे या शाळेची वाखाणणी झाली, त्याच साली महात्मा जोतीराव फुल्यांनी त्याच कमिशनला निवेदन दिले. सरकारचा पैसा उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि ज्यांच्या करातून तो येतो त्या शेतकऱ्यांची मुले अक्षरशून्य राहतात, ही त्यांची तक्रार होती. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, शिक्षक शेतकरी वर्गातून घ्यावे व त्यांना निदान बारा रुपये वेतन द्यावे, असे त्यांनी मागितले. पुण्यातील हायस्कूल आणि गावची शाळा यांमधील हे अंतर शंभर वर्षांत पुष्कळ कमी झाले, पण ते मिटले आहे असे म्हणता येत नाही. गावची मुलगी आठवीत किंवा अकरावीत शहरातील शाळेत जाते आणि पहिल्याच दिवसापासून मागच्या बाकावर गप्प बसते, हे अनेक शिक्षकांनी पाहिले आहे. ती बुद्धीने कमी नसते. इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नाचा अर्थ कळेपर्यंत दुसरा प्रश्न विचारला गेलेला असतो, इतकेच.

अमेरिकेतही हा प्रश्न आहे, हे ऐकून कोणास नवल वाटेल. तेथे १९९१ साली मिनेसोटा राज्याने प्रथम कायदा करून 'चार्टर' म्हणजे सनदी शाळांना मान्यता दिली. पैसा सरकारचा, फी नाही, कारभार मात्र स्वतंत्र. ठरलेल्या मुदतीत शाळेने काम करून न दाखविल्यास सनद काढून घेतली जाते. मोठ्या शहरांतील गरीब वस्त्यांत अशा शाळा पुष्कळ निघाल्या. तेथील हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकविणाऱ्या शिक्षकापुढे ज्यांच्या घरी स्पॅनिश बोलतात अशीही मुले असतात आणि ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे अशीही असतात. या दुसऱ्या मुलांनाही छापील उतारा वाचून त्याचा आशय सांगता येईलच असे नाही. तात्पर्य, जिभेवर इंग्रजी असणे व डोक्यात वाक्य उतरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

आता आपल्या वर्गाकडे वळू.

मराठीत 'वाघाने बकरी मारली' म्हणा किंवा 'बकरी वाघाने मारली' म्हणा. मरते ती बकरीच. कारण कोणी मारले हे 'ने' या प्रत्ययाने सांगितलेले आहे, मग शब्द कोठेही ठेवा. इंग्रजीत तो प्रत्यय नाही. 'द टायगर किल्ड द गोट' यातील दोन प्राण्यांनी जागा बदलल्या की बकरी वाघाला मारते! ही गंमत तिसरीच्या मुलांना फळ्यावर करून दाखविली, तर वर्ग हसेल आणि इंग्रजीत जागेलाच प्रत्ययाचा मान आहे, हे त्यांना न सांगता उमजेल. पण त्यासाठी 'ने' काय काम करतो हे आधी मराठीत कळलेले असावे लागते.

तसेच 'मला भूक लागली आहे.' येथे लागते ती भूक; आपण नुसते 'मला' म्हणून बाजूला उभे राहतो. इंग्रजीत 'आय अ‍ॅम हंग्री' म्हणताना माणूस स्वतःच पुढे येतो. 'आमच्याकडे दोन बैल आहेत' या वाक्यात बैल असतात. 'वुई हॅव टू बुलक्स' म्हटले की मालकी सांगणारे निराळे क्रियापद लागते आणि मराठीत ते नाही. मुलांच्या ज्या चुकांना आपण लाल शाईने गोल करतो, त्यांपैकी कितीतरी चुका अशा ठिकाणी होतात. तेथे मूल निष्काळजी नसते. ते मराठीशी इमान राखत असते.

भोर-वेल्ह्याच्या भातखाचरांत वाढलेल्या मुलांना शब्दांची श्रीमंतीही दाखविता येते. शेतातले भात, कणगीतली साळ, सुपातला तांदूळ आणि ताटातला भात हे सारे त्यांना वेगवेगळे ओळखू येते. इंग्रजीत उभ्या पिकाला व साळीला 'पॅडी' हा शब्द आहे, परंतु तांदूळ आणि शिजलेला भात दोन्ही 'राइस'च. काका, मामा व मावसोबा या सर्वांना तिकडे एकच 'अंकल'. आपली भाषा दरिद्री नाही हे ज्या मुलाला कळले, ते दुसऱ्या भाषेपुढे दबत नाही.

महामार्गावर तर पाठ्यपुस्तक उघडेच पडलेले आहे. 'टोल', 'स्टॉप', 'पंक्चर', 'सर्व्हिस रोड' हे शब्द शिवऱ्याची मुले रोज वाचतात. ट्रकांच्या पाठीवरील 'हॉर्न ओके प्लीज' त्यांना तोंडपाठ असते. त्यांतील प्रत्येक शब्दाचे काम काय, हे मात्र त्यांना कोणी विचारलेले नसते. चौथीच्या वर्गाला आठवड्यातून एकदा असे पाच फलक वहीत उतरवून आणावयास सांगावे. दुसऱ्या दिवशी आधी मराठीत बोलणे व्हावे: हा फलक कोणी लावला, कोणासाठी लावला, तो वाचून माणसाने काय करावयाचे? ज्या मुलाला लिहिता येत नाही, तेही येथे बोलू शकते, आणि ट्रकवर जाणाऱ्या वडिलांचा मुलगा तर गुरुजींपेक्षा अधिक सांगतो. हे बोलणे पुरते झाल्यावर तेच शब्द फळ्यावर इंग्रजीत लिहावे, ते मोठ्याने वाचून घ्यावे आणि त्यांतील एक शब्द घेऊन प्रत्येकाने स्वतःचे एक वाक्य करावे. प्रथम ते मराठीत करावे, मग इंग्रजीत. वाक्य चुकले तर ते पुसू नये; त्याच्या शेजारी मराठी वाक्य लिहून कोणता शब्द कोठे सरकला, हे मुलालाच शोधू द्यावे.