शेवटच्या रांगेपर्यंत आवाज : बिनतारी ध्वनिक्षेपकाची निवड



ग्रामसभा भरते तेव्हा पुढच्या सतरंजीवर सरपंच, सचिव, पटवारी आणि गावातील जाणती मंडळी बसतात. भिंतीकडेला तरुण उभे राहतात. स्त्रिया बहुधा मागे, दाराशी किंवा बाहेरच्या ओट्यावर बसतात. सचिव यादी वाचू लागतात. घरकुल कोणाला मंजूर झाले, कोणाचा कागद अपुरा आहे, कोणी कोणत्या तारखेच्या आत कोठे जावयाचे, हे सारे त्या यादीत असते. पुढच्यांना ते ऐकू येते. ओट्यावर बसलेल्या बाईच्या कानी मात्र नुसती गुणगुण पडते, आणि आपले नाव पुकारले गेले होते हे तिला दुसऱ्या दिवशी पाणी भरताना कळते. या अडचणीवर तोडगा म्हणून उचलून नेता येणारा बिनतारी ध्वनिक्षेपक, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला ‘ब्लूटूथ स्पीकर’, आणला जातो. आणि तो आणल्यावरही कधी कधी त्या बाईला ऐकू येत नाही. अशा वेळी दोष बहुधा यंत्राचा नसतो. घरात गाणी ऐकण्यासाठी घडविलेले यंत्र सभेत आणून ठेवलेले असते, एवढेच.

पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली छिंदवाड्यापासून वेगळ्या होऊन ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला. या भागाचा कान मात्र फार पूर्वीपासून नागपूरकडे लागलेला आहे. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले तेव्हा नागपूर हीच या प्रांताची राजधानी होती, आणि १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना होऊन राजधानी भोपाळला गेल्यावरही मराठी घरांतील रेडिओची सुई जेथे होती तेथेच राहिली. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि बैलगाडीच्या जुवाला, संत्र्याच्या फांदीला टांगला गेला. बिनतारी ध्वनिक्षेपक हा दिसावयास त्या ट्रान्झिस्टरचा नातू. परंतु दोहोंत एक मोठा फरक आहे. ट्रान्झिस्टर आपला आवाज हवेतून आपणच मिळवीत असे. ब्लूटूथ स्पीकरला स्वतःचा आवाज नसतो. तो मोबाइलकडून उसना घ्यावा लागतो. ज्या वाडीत मोबाइलला संदेशलहरी मिळत नाहीत तेथे आधी मोबाइलमध्ये साठवून नेलेलेच तेवढे वाजेल. काही यंत्रांत रेडिओही असतो, पण तो बहुतेक एफ.एम. पुरता असतो, जुन्या ट्रान्झिस्टरवर येणाऱ्या मध्यम लहरी त्यावर लागत नाहीत. वडीलधाऱ्यांसाठी यंत्र घेताना हे विचारून घेतलेले बरे, नाही तर घरी आल्यावर त्यांचा हिरमोड होतो.

मोबाइल आणि ध्वनिक्षेपक यांमधील बिनतारी दुवा साधारणपणे दहा मीटरपर्यंत भरवशाचा असतो. मध्ये मातीची जाड भिंत आली, किंवा माणसांची दाटी झाली, तर तो तुटक होतो. कारण या लहरी भिंतीत क्षीण होतात आणि पाणी बाळगणाऱ्या मानवी शरीरातही शोषल्या जातात. यास्तव मोबाइल खिशात घेऊन गर्दीत फिरणाऱ्याने आवाज तुटतो म्हणून दुकानदाराला बोल लावू नये. मोबाइल यंत्राजवळच ठेवावा. (ब्लूटूथ हे नाव दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हॅराल्ड याच्या टोपणनावावरून घेतले आहे. ‘निळा दात’ असा त्याचा अर्थ होतो. मुलांना हे सांगितले की यंत्र चटकन लक्षात राहते.)

निवडीचा पहिला प्रश्न किमतीचा नाही. किती माणसांनी ऐकावयाचे, छपराखाली की उघड्यावर, आणि शब्द ऐकावयाचे की गाणे, हे आधी ठरले पाहिजे. उघड्यावर आवाज किती लवकर विरतो याची कल्पना फार थोड्यांना असते. पाच मीटरवर जो आवाज पुरेसा वाटतो, तोच दहा मीटरवर तितकाच ऐकू यावयाचा असेल तर यंत्राची शक्ती चौपट लागते. वीस मीटरवर सोळापट. खोलीत भिंती आणि छत आवाज परतवून मदत करतात, मैदानात ती मदत नसते. दुकानातील चार भिंतींत दणदणीत वाजलेला स्पीकर शाळेच्या पटांगणात केविलवाणा का वाटतो, याचे उत्तर येथे आहे. यंत्र घेताना ते दुकानाबाहेर आणून, रस्त्याच्या पलीकडे उभे राहून ऐकावे. भला दुकानदार यास हरकत घेत नाही.

खोक्यावर छापलेल्या वॅटच्या आकड्यावर विसंबणे धोक्याचे आहे. ‘पी.एम.पी.ओ.’ या अक्षरांपुढे हजारांत आकडा असतो. तो यंत्राने क्षणभरात कल्पिलेली कमाल गाठल्याचा दावा असतो आणि त्यास व्यवहारात काही किंमत नाही. ‘आर.एम.एस.’ या अक्षरांपुढील आकडा पाहावा. शिवाय वॅट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटत नाही. कानाला फरक थोडाच जाणवतो. दहा वॅटच्या जागी पंधरा वॅटसाठी चारशे-पाचशे रुपये अधिक मोजण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

आता शाळेचा विचार करू. या दोन तहसिलींतील मराठी शाळांपुढे एक वेगळेच काम असते. मूल घरी वैदर्भी वळणाची मराठी बोलते, बाजारात आणि दूरदर्शनवर हिंदी ऐकते, आणि पुस्तकातील प्रमाण मराठी त्याच्या कानावर शिक्षकाखेरीज फारशी कोणाकडून पडत नाही. ‘चार’ मधील च आणि ‘चाक’ मधील च लिहिताना एक, उच्चारताना दोन. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, हा भेद कागदावर दिसतच नाही. तो कानानेच शिकावा लागतो. ध्वनिमुद्रित पाठ, कविता, कथाकथन यांचा उपयोग येथे फार मोठा आहे. परंतु या व्यंजनांतील फरक आवाजाच्या उंच, बारीक पट्टीत असतो, आणि बाजारात ज्याची चलती आहे तो ‘बास’ नेमका त्यावर पांघरूण घालतो. जो स्पीकर ढोलाचा ठोका छातीवर आदळवितो तो स, श, च, ज ही अक्षरे गिळून टाकण्याचा संभव अधिक. म्हणून शिक्षकाने दुकानात गाणे लावून पाहू नये. आपल्याच आवाजात वाचलेला एक उतारा मोबाइलवर नोंदवून न्यावा, तो निरनिराळ्या यंत्रांवर वाजवावा आणि पाठ फिरवून ऐकावा. ज्या यंत्रावर ‘शेत’ आणि ‘सेतू’ यांचा आरंभ सहज वेगळा कळेल, ते यंत्र वर्गाचे.

तीस-चाळीस मुलांच्या खोलीस आर.एम.एस. पद्धतीने मोजलेले दहा ते वीस वॅट पुरतात. असे यंत्र साधारणपणे दीड ते तीन हजार रुपयांत मिळते. बाजारभाव बदलते असल्याने हे आकडे अंदाजाचेच समजावेत. ते जमिनीवर ठेवू नये, कारण पहिल्या रांगेतील पाठी आवाज अडवितात. बसलेल्या मुलाच्या कानापेक्षा थोडे उंच, फळ्याच्या बाजूस, तोंड मागच्या कोपऱ्याकडे करून ठेवावे. पत्र्याच्या छपराखाली पावसाळ्यात कोणताही स्पीकर हरतो. तेव्हा आवाज वाढविण्यापेक्षा मुलांना भोवती बसविणे हाच उपाय आहे.

ग्रामसभा आणि भजनी मंडळ यांची गरज एका बाबतीत समान आहे: दोघांनाही माइक लागतो. छोट्या ब्लूटूथ स्पीकरला माइक जोडण्याची सोय बहुधा नसते. मोबाइललाच माइक करून आवाज ब्लूटूथने पाठवावा, अशी युक्ती कोणी सुचवितात, ती फसते. ब्लूटूथवरून आवाज जाण्यास सेकंदाचा काही अंश लागतो. गाणे ऐकताना तो विलंब कळत नाही, परंतु बोलणाऱ्याला स्वतःचाच शब्द मागाहून ऐकू येऊ लागला की त्याची जीभ अडखळते. आणि खंजिरीचा ठेका तर पहिल्याच ओळीला सुटतो. सबब या कामासाठी माइकची खाच असलेले, किंवा ज्याचा बिनतारी माइक ब्लूटूथवर न चालता स्वतःच्या वेगळ्या लहरींवर चालतो असे, चाकांचे आणि ओढून नेता येणारे यंत्र घ्यावे. त्यास सुमारे पाच हजारांपासून पुढे खर्च येतो. पंचायतीस एवढी रक्कम एकदम जड वाटत असेल तर पंचायत, शाळा आणि भजनी मंडळ यांनी मिळून एकच यंत्र घेणे शक्य आहे. मात्र ते कोणाच्या ताब्यात राहील आणि विद्युत्भारित कोण करील, हे लेखी ठरवावे. सामाईक वस्तूची घडी बिघडते ती येथेच.

सभा सुरू होण्यापूर्वी एका मुलाला शेवटच्या रांगेत, स्त्रिया बसतात तेथे उभे करून यादीतील दोन नावे वाचावीत. त्याने ती नावे परत सांगितली तरच पुढे जावे. ‘आवाज येतो काय?’ या प्रश्नाला सर्वजण होच म्हणतात.

घरापुरता विचार थोडक्यात संपतो. एका खोलीत बातम्या, अभंग वा नातवंडांची गाणी ऐकण्यास हजार रुपयांच्या आतबाहेरचे, तीन ते पाच वॅटचे यंत्र पुरे आहे.

बागेतील गरज मात्र निराळी. आंबिया बहाराची संत्री उतरण्याच्या दिवसांत फळे निवडणाऱ्या मजुरांच्या सोबतीला, किंवा रात्री जागलीला, शेतकरी स्पीकर नेतो. धूळ, दव आणि अकस्मात येणारा पाऊस हे तेथील शत्रू. खोक्यावर ‘आय.पी.’ या अक्षरांपुढे दोन अंक असतात. पहिला धुळीसंबंधी, दुसरा पाण्यासंबंधी. ‘६७’ असल्यास धूळ आत शिरत नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास पडले तरी यंत्र टिकते, असा त्याचा अर्थ. पहिल्या अंकाच्या जागी एक्स हे अक्षर असेल तर धुळीविषयी कोणतीही हमी दिलेली नाही, असे समजावे. रानडुकरे आणि रोही यांना पळविण्यासाठी रात्रभर आवाज लावून ठेवणारेही आहेत. पहिल्या काही रात्री तो उपाय चालतो. पुढे जनावरे सरावतात. केवळ या कामासाठी महागडे यंत्र घेणे शहाणपणाचे नाही.

बॅटरीचे तास कंपनी सांगते ते मध्यम आवाजावरचे असतात. पूर्ण आवाजात ते निम्म्यावरही येतात. लहान यंत्रांत लिथियमची बॅटरी असते. उन्हाळ्यात पत्र्याच्या पेटीत किंवा मोटारीच्या काचेमागे ती ठेवू नये, उष्णतेने तिचे आयुष्य झपाट्याने घटते. मोठ्या चाकांच्या यंत्रांपैकी पुष्कळांत शिशाची, जड बॅटरी असते. ती रिकामी ठेवून चार महिने कोपऱ्यात पडली तर पुन्हा भरत नाही. शाळांतील आणि पंचायतींतील यंत्रे उन्हाळ्याच्या सुटीनंतर मुकी होतात त्याचे हे एक मोठे कारण. वापर नसला तरी महिन्यातून एकदा ती पूर्ण भरावी. भरण्याची खाच मोबाइलच्या नव्या ‘टाइप-सी’ तारेची असल्यास घरात वेगळी तार सांभाळावी लागत नाही.

खरेदीच्या वेळी खोक्यावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह व नोंदणी क्रमांक, कमाल किरकोळ किंमत, निर्मितीचा महिना व वर्ष आणि तक्रारीसाठी पत्ता पाहावा. पावती पक्की घ्यावी. दुरुस्ती नागपुरास न्यावी लागेल, छिंदवाड्यास, की जवळच होईल, हे आधी विचारावे. सातशे रुपयांच्या यंत्रासाठी दोनदा एस.टी.चे भाडे भरणे कोणालाच परवडत नाही. हमीच्या मुदतीत दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ असा आहे.

यंत्र लहान आहे म्हणून कायदा त्यास लागू नाही, असा समज तरुणांत आढळतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजविता येत नाही, आणि एरवीही सार्वजनिक वापरास लेखी परवानगी लागते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालय, शाळा व न्यायालय यांच्या भोवतीचा शंभर मीटरचा टापू शांतता क्षेत्र म्हणून घोषित होऊ शकतो. मध्य प्रदेशात १९८५ चा कोलाहल नियंत्रण अधिनियमही आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही तीरांवर, पांढुर्णा आणि सावरगावच्या बाजूंना, गोटमारीसाठी जी अफाट गर्दी लोटते, तेथे सूचना देणे हे प्रशासनाच्या मोठ्या ध्वनिव्यवस्थेचे काम आहे; तेथे आपापले स्पीकर वाजू लागले तर रुग्णवाहिकेला वाट देण्याची सूचनाही त्या कोलाहलात बुडून जाते.

बॅटरी फुगलेली दिसल्यास यंत्र ताबडतोब बंद करावे. ती टोचू नये, जाळू नये, उकिरड्यावर टाकू नये. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्या कोठे जमा कराव्यात, याची चौकशी खरेदीच्याच दिवशी दुकानदाराकडे करून पावतीच्या मागे लिहून ठेवावी.