पॅनेल कशाचं करायचं?

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



मला 'आयटीतल्या अनुभवांवर बोल' असं सांगितलं होतं. पण दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसण्यात ऐकण्यासारखं फार काही नसतं. म्हणून सुट्टीच्या दिवशी जे करते त्याबद्दल बोलते. मी रेडिओ, ॲम्प्लिफायर असलं काहीबाही घरी जोडते आणि त्याला डबा करते. सर्किटपेक्षा जास्त वेळ खातं ते डब्याचं पुढचं पॅनेल, म्हणजे बटणं जिथून बाहेर येतात ती बाजू. शाळेत हा प्रश्नच नव्हता. विज्ञान प्रदर्शनातली आपली सगळी यंत्रं साबणाच्या डबीत नाहीतर चपलांच्या खोक्यात असायची.

तीन वर्षांपूर्वी बाबांसाठी रेडिओ केला. लाकडी खोकं आणि पुढे २ मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमचा पत्रा. हौशी माणसाला ॲल्युमिनियम फार सोयीचं. साध्या हॅकसॉने कापता येतं, भोक पाडताना रॉकेलचे दोन थेंब टाकले की ड्रिलला चिकटत नाही, पॉलिश पेपर एकाच दिशेने फिरवला की दुकानातल्यासारखं दिसतं. पुण्यात महिनाभर वाजवून बघितला आणि ऐटीत गावी नेऊन दिला.

चार दिवसांनी बाबांचा फोन आला. "अगं, आवाज छान आहे, पण बटणाला हात लावला की मुंग्या येतात." मी म्हटलं, वयामुळे असेल. इंजिनिअरिंगची पदवी घेतलेल्या मुलीचं हे उत्तर!

शनिवारी गेले, पत्र्याला टेस्टर लावला, तर दिवा मिणमिणला. आतल्या पॉवर सप्लायमध्ये गोंगाट गाळायला छोटे कपॅसिटर असतात. त्यांच्यातून किंचित करंट पत्र्यावर येतो आणि अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जातो. आमच्या गावच्या घरात सॉकेट तीन पिनांचा होता, पण तिसऱ्या भोकामागे तारच नव्हती. तेवढ्या मुंग्यांनी माणूस दगावत नाही. पण आत फेजची तार सुटून पत्र्याला टेकली असती, तर फ्यूजही उडाला नसता. पत्रा २३० व्होल्टवर तसाच राहिला असता, आणि बाबांनी आवाज वाढवायला हात लावला असता.

वायरमनला बोलावून अर्थिंग करून घेतलं. पॉवर सप्लाय काढून बाहेरचा १२ व्होल्टचा ॲडॉप्टर लावला. दोन पिनांच्या ॲडॉप्टरवरही कधीकधी धातूला मुंग्या येतात, म्हणून पत्राही काढला.

आधी ॲक्रिलिक आणलं, काळं, चकचकीत. लोखंडाचं ड्रिल पलीकडे निघताना कड घेऊनच गेलं. दुसरा तुकडा लेझरवर कापून घेतला, सुरेख आला. मी तो पुसायला स्पिरिट घेतलं आणि डोळ्यांदेखत भोकांभोवती केसासारख्या चिरा उमटल्या. लेझरने कापलेल्या कडेत ताण राहतो, तिला स्पिरिट सोसत नाही. साबणाचं पाणी पुरलं असतं. तरी तेच लावून पाहिलं, तर खिडकीचा उजेड पडला की बाबांना अक्षरं दिसेनात.

शेवटी हायलम. जुन्या लाकडी स्विचबोर्डांवर दिसायची तसलीच तपकिरी शीट. तिच्यातून वीज वाहत नाही, उन्हात ठेवली तरी वाकत नाही, भोकं सरळ पडतात. कापताना मास्क मात्र लावा, धूळ वाईट. दिसायला अगदीच सरकारी! अक्षरं कोरून त्यांत पांढरा ऑइलपेंट भरला, आणि चालू-बंदच्या बटणाशेजारी कानशीने एक खाच केली, अंधारात अंगठ्याला लागावी म्हणून. कार्यानुभवाच्या तासाला माझी कानस कधी सरळ चालली नाही, हे सरांना आठवत असेल. ती अजूनही चालत नाही.

आपल्यापैकी बऱ्याच जणांचे आई-वडील अजून गावातल्या जुन्या घरात राहतात. या सुट्टीत वायरमनकडून त्या तिसऱ्या भोकामागे तार आहे का, तेवढं बघून घ्या.

बाबा म्हणतात, आधीचा रेडिओ दिसायला चांगला होता. मलाही तसंच वाटतं. आज तो हायलमवालाच बरोबर आणलाय, चहाच्या टेबलावर ठेवलाय. खुशाल हात लावून बघा.