विकाऊ घराचे खरे गुण

महाराष्ट्रातील शहरांत घर विकणे म्हणजे बहुतेक वेळा सहकारी गृहनिर्माण संस्थेतील वापरलेली सदनिका, म्हणजे ज्याला सर्रास ‘रीसेलचा फ्लॅट’ म्हणतात तो, विकणे असते. असा फ्लॅट विकायला काढला की मालकाचे लक्ष आधी रंगाकडे, फॉल्स सीलिंगकडे आणि दिवाणखान्यातील फर्निचरकडे वळते, आणि घेणाऱ्याची नजरही पहिल्या भेटीत तिथेच रेंगाळते. पण घर एका भेटीत ठरत नाही. दुसऱ्या खेपेला घरातील वडीलधारी मंडळी येतात, तिसऱ्या खेपेला ओळखीतला प्लंबर किंवा इंजिनिअर येतो, कर्ज काढायचे असेल तर बँकेचा मूल्यांकनकार येतो, आणि प्रत्येक खेपेला रंगाचे महत्त्व उणावत जाऊन उजेड, वारा, पाणी, कोरड्या भिंती आणि कागदपत्रे यांचे महत्त्व वाढत जाते. रंग नव्या मालकाला हवा तसा बदलता येतो, खिडकीची दिशा त्याला बदलता येत नाही. म्हणून जे मागाहून बदलता येत नाही त्यावरच घराची किंमत टिकते, आणि विक्रेत्याचा पैसा व श्रम तेच गुण उघडे करण्यात खर्ची पडले पाहिजेत.

यात पहिला मान उजेडाचा आहे. मुंबई सुमारे १९ आणि पुणे सुमारे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस भर दुपारचा सूर्य या शहरांत जवळजवळ डोक्यावर येतो, त्यामुळे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीवर साधा दीड-दोन फुटांचा छज्जा असला तरी दुपारचे ऊन अडते. डिसेंबरात मात्र सूर्य दक्षिणेकडे कलतो, मध्यान्हीही क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवरच राहतो, आणि त्याच खिडकीतून थंडीतले हवेहवेसे ऊन खोलीत पसरते. पश्चिमेचे तसे नाही. तिसऱ्या प्रहरानंतरचे तिरपे ऊन छज्ज्याला न जुमानता आत येते, भिंत तापवते, आणि तापलेली भिंत रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते, त्यामुळे पश्चिमेच्या बेडरूमचा खरा अनुभव एप्रिलमध्ये रात्री दहा वाजता येतो. सर्वांत वरच्या मजल्यावर हाच त्रास छतातून होतो. पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या दाराला मागणी अधिक असते, त्यामागे वास्तुशास्त्रावरील श्रद्धा असते हे खरे, आणि ती मानावी की न मानावी हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे; परंतु सकाळचे कोवळे ऊन आणि दिवसभर समान राहणारा उत्तरेचा उजेड हे गुण श्रद्धेविनाही अनुभवाला येणारे आहेत.

उजेड विकत आणता येत नाही, पण अडवलेला उजेड सोडवता येतो. वर्षानुवर्षे वापरात असलेल्या घरात खिडकीला अर्धे झाकणारे कपाट, जाड पडदे, धुळीने काळवंडलेली डासांची जाळी आणि ग्रिलवर रचलेल्या कुंड्या यांनी खोली किती अंधारली आहे, हे तिथे राहणाऱ्यांच्या लक्षात येईनासे होते. ही अडगळ हलवायला खर्च नगण्य येतो, आणि ती हलवल्याने होणारा फरक नव्या रंगाने होणाऱ्या फरकापेक्षा मोठा असतो. घर दाखवण्याची वेळही त्या घराच्या दिशेप्रमाणे ठरवलेली बरी, आणि दुसरी भेट मुद्दाम वेगळ्या वेळी ठेवलेली त्याहून बरी, कारण उजेडाच्या बाबतीत ज्याच्याकडे लपवण्यासारखे काही नाही त्याच्या शब्दावर घेणारा पुढच्या गोष्टींतही विश्वास ठेवतो.

वाऱ्याचे गणित थोडे निराळे आहे. खोलीला एकच खिडकी असेल तर ती कितीही मोठी असली तरी वारा आत येऊन कुठे जाणार, हा प्रश्न उरतोच. समोरासमोरच्या किंवा निदान काटकोनातल्या दोन भिंतींना उघडी जागा असेल तरच हवा घरातून आरपार वाहते. मुंबई-पुण्याच्या कितीतरी फ्लॅटांत ही आरपार वाट मूळ नकाशात होती आणि नंतर बंद झाली, ती बाल्कनी खोलीत घेतल्यामुळे. दिवाणखान्याला जोडलेल्या बाल्कनीचे दार काढून बाहेरच्या कठड्यावर सरकत्या काचा बसवल्या की जागा वाढल्यासारखी वाटते. मात्र दोन पल्ल्यांच्या सरकत्या खिडकीचा एका वेळी निम्माच भाग उघडतो, म्हणजे पूर्वी पूर्ण मोकळ्या असलेल्या बाजूने आता अर्धाच वारा येतो, आणि पावसाच्या झडीत तोही बंद करावा लागतो. शिवाय असा बदल महापालिकेच्या परवानगीवाचून झालेला असेल तर बँकेचा मूल्यांकनकार तो मंजूर नकाशाशी ताडून पाहतो आणि कर्जाच्या वेळी अडचण उभी राहते. बाल्कनी मोकळी असणे हा घराचा मोठाच गुण आहे, आणि शक्य असेल तिथे विक्रीपूर्वी ती पुन्हा मोकळी करणे इष्ट होय.

घेणाऱ्याला सर्वांत जास्त धास्ती असते ती ओलीची, आणि ती रास्त आहे. कोकणात आणि घाटमाथ्यावर नैर्ऋत्य मोसमी वारे पाऊस घेऊन येतात, त्यामुळे इमारतीच्या पश्चिम व दक्षिण अंगांवर झडीचा मारा सर्वाधिक होतो आणि खिडकीच्या चौकटीभोवती किंवा बाहेरच्या गिलाव्यात केसाएवढी चीर असली तरी पाणी आत झिरपते. याहून चिवट ओल बाथरूममधून येते. बाथरूमखालचा स्लॅब शेजारच्या खोल्यांपेक्षा खाली घेतलेला असतो. त्या खळग्यात सांडपाण्याचे पाइप बसवून वर विटांच्या तुकड्यांचा व सिमेंटचा भराव, म्हणजे कोबा, घालतात आणि त्यावर फरशी बसवतात. फरशीच्या सांध्यांतले सिमेंट झिजले किंवा पाणी जाण्याच्या तोंडाशी, म्हणजे नहाणी ट्रॅपच्या कडेला, फट पडली की पाणी त्या भरावात साचत राहते, आणि मग शेजारच्या बेडरूमच्या भिंतीच्या पायथ्याशी रंगाचे पापुद्रे सुटतात, पांढरा क्षार फुलतो, खालच्या फ्लॅटच्या छतावर तपकिरी डाग उमटतात. ही ओल लोखंडी सळ्यांपर्यंत पोहोचली की सळ्या गंजतात, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, आणि त्या दाबाने काँक्रीटचा थर फुगून गळून पडतो.

जाणकार गिऱ्हाईक बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवरचे कपाट उघडून आत हात फिरवते, कपड्यांना कुबट वास येतो का हे पाहते, आणि सबंध भिंत जुनी असताना खालचा फूटभर पट्टाच नव्याने रंगवलेला दिसला तर तिथेच थांबते. डागावर रंग चढवून केलेली विक्री एका पावसाळ्यापुरती निभावते, आणि तिचे दुःख अशा कुटुंबाच्या वाट्याला येते ज्याने आयुष्यभराची बचत आणि पुढच्या वीस वर्षांचे हप्ते त्या घरात घातलेले असतात. म्हणून ओलीची दुरुस्ती मुळापासून, फरशी काढून आणि मार्च ते मे या कोरड्या महिन्यांत व्हावी, तिचे बिल व हमीपत्र जपून ठेवावे, आणि घर दाखवताना ते आपणहून पुढे करावे. दुरुस्त झालेला दोष सांगितल्याने सौदा मोडत नाही, लपवलेला दोष सापडल्याने मात्र हमखास मोडतो. इमारतीचीही अशीच पारख होते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी व्हावी लागते. या तपासणीचा ताजा अहवाल हाती असेल तर इमारतीच्या वयाबद्दलची निम्मी शंका फिटते.

स्वयंपाकघराबद्दल थोडक्यात इतकेच सांगता येईल, की ओट्याची लांबी, सिंकजवळची निथळती जागा, भांडी आणि वॉशिंग मशीन बाहेर काढणारी ड्राय बाल्कनी आणि १६ अँपिअरचे पुरेसे पॉइंट यांना महागड्या ट्रॉल्यांपेक्षा अधिक वजन असते. पाण्याच्या बाबतीत नळ सोडून दाखवावा आणि वेळाही सांगाव्यात. शहराच्या कडेला वाढलेल्या वसाहतींत संस्थेला टँकर घ्यावा लागत असेल, तर त्याचा भार मासिक देखभाल खर्चावर पडतो, आणि तो आकडा गिऱ्हाइकाला आधी कळलेला चांगला.

क्षेत्रफळाविषयी मात्र काटेकोर राहणे आवश्यक आहे. जुन्या करारांत बिल्टअप किंवा सुपर बिल्टअप क्षेत्र लिहिलेले असते, आणि सुपर बिल्टअपमध्ये जिना, लिफ्ट व मोकळ्या वाटांचा वाटाही धरलेला असतो. रेरा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २०१६ च्या स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियमाने कार्पेट क्षेत्राची व्याख्या निश्चित केली: सदनिकेतील निव्वळ वापरण्याजोगे क्षेत्र, ज्यात आतल्या भिंतींची जागा धरली जाते, पण बाहेरच्या भिंती, पाइपांसाठी सोडलेली पोकळी, बाल्कनी आणि मोकळी गच्ची धरली जात नाही. जुना फ्लॅट विकणाऱ्याने या व्याख्येप्रमाणे टेपने मोजून घेतलेले माप सांगावे. कार्पेट क्षेत्र ५० चौरस मीटर असेल तर ते ५३८ चौरस फूट होते, आणि जाहिरातीत त्याचे सातशे केले तर पहिल्याच भेटीत पितळ उघडे पडते.

कागदपत्रे ही घराची न दिसणारी बाजू असली तरी निर्णय बहुधा तिच्यावरच होतो. बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंतच्या सर्व नोंदणीकृत करारांची अखंड साखळी, संस्थेचे शेअर सर्टिफिकेट, थकबाकी नसल्याचा दाखला, आणि इमारत मंजूर नकाशाप्रमाणे पूर्ण होऊन राहण्यास योग्य ठरल्याचे पालिकेचे भोगवटा प्रमाणपत्र, एवढे हाती असलेल्या विक्रेत्याचा सौदा झपाट्याने होतो. अभिहस्तांतरण, म्हणजे जमिनीची व इमारतीची मालकी बिल्डरकडून संस्थेच्या नावावर होणे, हे पुनर्विकासाच्या दृष्टीने निर्णायक असते. बिल्डर टाळाटाळ करत असेल तर १९६३ च्या महाराष्ट्र सदनिका मालकी अधिनियमाखाली संस्थेला सक्षम प्राधिकाऱ्याकडून मानीव अभिहस्तांतरण मिळवता येते, आणि ज्या संस्थेने ते मिळवले आहे तिथल्या फ्लॅटला घेणारे आवर्जून पसंती देतात. पार्किंगविषयीचे आश्वासनही जपून द्यावे लागते. इमारतीखालची खांबांमधली जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला आहे. ती जागा सामाईक असून तिचे वाटप संस्था करते, त्यामुळे आपल्या गाडीची जागा फ्लॅटबरोबर आपोआप जाते असे गृहीत न धरता संस्थेचा नियम आधी विचारून घ्यावा. सदस्यत्व हस्तांतरित करताना संस्थेला अधिमूल्य, म्हणजे ट्रान्सफर प्रीमियम, महापालिका क्षेत्रात २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. ही रक्कम कोणी भरायची आणि त्यातला वाटा कसा असायचा, हे इसार घेतानाच लिहून ठेवले तर नोंदणीच्या दिवशी त्यावरून वाद उद्भवत नाही.