गुरुवारची पंगत आणि आपली लेकरं

मी राईहून बोलतेय. भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाताना राई, मुर्धा, मोर्वा ही गावं लागतात, त्यातलं आमचं राई. 2002 साली मीरा-भाईंदरची महानगरपालिका झाली, तरी गावात अजून गावासारखंच चालतं. मिठागरं, भातशेती, देऊळ, आणि कोणाच्या घरी काय शिजलं ते तिसऱ्या घरी कळणं.

आज बोलायचं आहे गुरुवारच्या महाप्रसादाबद्दल. आमच्याकडे आरती झाली की पंगत बसते. तुमच्याकडे एकादशीला बसत असेल, नाहीतर सप्ताहात. नगर, नाशिक, संभाजीनगरकडच्या बायकांना गंगागिरी महाराजांचा सप्ताह माहीतच असेल. तिथं गावोगावच्या घरांतून भाकऱ्या येतात आणि आमटीबरोबर हजारो माणसं जेवतात. आमची पंगत एवढीशी, पण दर आठवड्याला. भात, वरण, बटाट्याची रस्साभाजी, पुरी, आणि शिरा नाहीतर बुंदी. आगरी-कोळ्यांची मुलं आमची, बुधवारी बोंबील खाल्लेले असतात, त्यामुळे गुरुवारी पत्रावळीकडे बघून “मासा कुठाय?” असं मोठ्याने विचारणारं एखादं असतंच.

माझी मुलगी चार वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा. दोघांना घेऊन मी जाते. घरी मुलगी एका घासासाठी मला सगळ्या घरभर फिरवते. पंगतीत मात्र बसते. का बसते? समोर, बाजूला सगळे बसलेले असतात म्हणून. वाढणारा आपल्यापर्यंत येईस्तोवर थांबायचं, श्लोक होईपर्यंत हात लावायचा नाही, नको असेल तर पत्रावळीवर हात आडवा धरायचा, हे तिला मी शिकवलं नाही. शेजारच्या आजींकडे बघून शिकली. पानात टाकायचं नाही हेही तिथंच. घरी मी शंभरदा सांगितलेलं ऐकलं नव्हतं.

पण बायांनो, लहान मूल घेऊन पंगतीला जाणं सोपं नाही, हे पण बोलायला हवं. आधी मानाची माणसं, मग पुरुष, मग बायका. तिसऱ्या पंगतीपर्यंत साडेनऊ वाजतात. तोवर पोर खांद्यावर झोपलेलं, नाहीतर रडून बेजार. रस्सा तिखटजाळ. मुलाला भरवेपर्यंत आईचं पान गार, आणि पुढच्या पंगतीची माणसं डोक्यावर उभी. अशानं काय होतं, तर लेकुरवाळी बाई यायचं सोडते. घरी डबा मागवते. डब्यात प्रसाद येतो, पंगत येत नाही.

म्हणून आमच्या बचत गटातल्या पाच-सहा जणी मिळून देवळातल्या मंडळींशी बोललो. भांडायला नाही, बोलायला. दोनच गोष्टी मागितल्या. एक, वरणाला फोडणी द्यायच्या आधी एक पातेलं साधं वरण बाजूला काढा. हे लगेच झालं, त्यात खर्च काय? दुसरी, पहिल्या पंगतीत लेकुरवाळ्या, गरोदर बायका आणि म्हातारी माणसं. याला वेळ लागला. “आजवर असं नव्हतं,” म्हणाले. एका आजोबांनीच तोडगा काढला: “मी पहिल्या पंगतीत बसतो, माझ्याशेजारी पोरं बसवा.” मग बाकीचे गप्प झाले.

सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला हा साधा वरणभात कुस्करून चालतो, फक्त पातळ पाण्यासारखा नको. चार-पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात. प्रसादात दिले तर आपल्याकडे घ्या. मुलाला भिंतीच्या बाजूला बसवा, वाढप्यांच्या वाटेकडे नको. गरम आमटीची बादली घेऊन माणूस येतो आणि पोर नेमकं तेव्हाच उठतं. अंगावर सांडलंच तर तो भाग वीस मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद काही लावायचं नाही, मग दवाखाना. आणि हात साबणाने धुवा, देवळाच्या नळावर साबणाची वडी आपणच नेऊन ठेवली तर कोणी नाही म्हणत नाही.

आता जरा जड बोलते. पंगत सगळ्यांची असते असं आपण म्हणतो, पण ती नेहमी तशी नव्हती. माझ्या आजेसासूबाई सांगायच्या, त्यांच्या माहेरी काही घरांना वेगळं, लांब बसवायचे, वरून वाढायचे. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढलं तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा म्हणून गिऱ्हाईक येईना. शाहू महाराज स्वतः तिथं थांबून चहा प्यायले, बरोबरच्या माणसांनाही पाजला. राजाला तेवढं करावं लागलं! शिखांच्या लंगरमध्येही पंगतच म्हणतात, आणि तिथं जो येईल तो ओळीत बसतो. आपल्या देवळात कोण कुठं बसतं, कोणाच्या हातात वाढायची बादली देतात आणि कोणाच्या हातात कधीच देत नाहीत, हे पुढच्या वेळी नीट बघा. पोरं ते आपल्या आधी बघतात. माझ्या मुलीने एकदा विचारलं, “ती मावशी रोज भांडीच का घासते? ती कधी जेवते?”

त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. स्वयंपाक करणाऱ्या, वाढणाऱ्या, भांडी घासणाऱ्या बायका आमच्याकडे अजून शेवटीच बसतात, उरलेलं खातात, कधी भात संपलेला असतो. याबद्दल दोनदा बोलणं झालं. आता ठरलंय की येत्या गुरुवारी शेवटची वाढणी आणि भांडी गावातले तरुण करतील, आणि या बायका दुसऱ्या पंगतीला बसतील. सात जणांनी नावं दिलीत. बघू, किती येतात.