झोळीतील व्यसन आणि देहाचा धर्म



इरकली लुगड्यामुळे ज्या गावाचे नाव बेळगाव-निपाणीच्या घरोघरी परिचित आहे, त्या इलकल येथील चित्तरगी मठाचे डॉ. महांत शिवयोगी यांनी १९७५ साली एक आगळी भिक्षा मागावयास प्रारंभ केला. खांद्यास झोळी, मागणे मात्र धान्याचे नव्हे, द्रव्याचेही नव्हे, तर व्यसनाचे. कन्नड भाषेत ही झोळी ‘महांत जोळिगे’ म्हणून ओळखली जाते. स्वामीजी २०१८ साली लिंगैक्य झाले. त्यांचा जन्मदिवस, १ ऑगस्ट, कर्नाटकात व्यसनमुक्तिदिन म्हणून पाळला जातो.

या भिक्षेचे मर्म ध्यानी घेण्याजोगे आहे. भिक्षा मागणारा दात्याचा धिक्कार करीत नाही. आपल्या गावांतून मात्र मद्यप्याच्या वाट्यास धिक्कारावाचून दुसरे काही येत नाही. बाजारच्या दिवशी मजुरी हाती पडते आणि घरी पोहोचत नाही. अखेर पत्नी त्यास गादीसमोर आणते, तो विभूतीस स्पर्श करून शपथ घेतो आणि तिसऱ्या दिवशी ती मोडतो. मग लोक म्हणतात, याने देवासही फसविले.

त्या तीन दिवसांत त्याच्या देहात काय घडते, हे पाहिले पाहिजे. मद्य मेंदूस मंद करते. वर्षानुवर्षे ते मिळत राहिले की मेंदू त्याशी जुळवून घेतो आणि आपली उत्तेजना वाढवून समतोल राखतो. मद्य एकाएकी थांबले की ती उत्तेजना तेवढी उरते, जणू वजन काढून घेतलेल्या तराजूचे रिकामे पारडे उसळावे. काही तासांतच हात कापतात, घाम सुटतो, झोप उडते. एक-दोन दिवसांत कोणास फेफरे येते. दोन ते चार दिवसांत कोणास भ्रम होऊन नसलेली माणसे दिसू लागतात. क्वचित प्राणही जातो. घोटभर मद्याने हे सारे शमते, हे त्याच्या देहास ठाऊक असते. त्या वेळी शपथ मोडतो तो केवळ दुर्बळ मनाचा माणूस नव्हे. देह त्यास ओढीत असतो. शिवाय या व्याधीची प्रवणता बऱ्याच अंशी रक्तातून येते. म्हणूनच एकाच पंगतीत बसलेल्या दोघांपैकी एक सहज उठतो आणि दुसरा अडकतो.

हा विचार नवा नाही. न्यूयॉर्कचे डॉ. सिल्कवर्थ यांनी १९३०च्या दशकात यास देहाची विपरीत प्रतिक्रिया म्हटले. त्यांची ‘ॲलर्जी’ची कल्पना शब्दशः टिकली नाही, परंतु १९५६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने मद्यासक्ती हा आजार असल्याचे मान्य केले. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने ‘मुक्तांगण’ उभे केले, तेही व्यसनी हा रुग्ण आहे याच श्रद्धेने.

यावर कोणी म्हणेल, मग त्याचा दोष काहीच नाही काय? तसे नव्हे. मधुमेह झाला म्हणून कोणी रोग्यास पापी ठरवीत नाही. परंतु पथ्य त्यानेच पाळावयाचे असते. पत्नीने सोसलेला मार आणि मुलांची उपासमार खरीच आहे. तिची भरपाई त्यानेच करावयाची आहे. रोग हा त्याचा अपराध नव्हे; उपचार हे मात्र त्याचे कर्तव्य होय.

तेव्हा शपथेस उपचाराची जोड हवी. रोज पिणाऱ्यास एकाएकी सोडावयास लावू नये. आधी वैद्यास दाखवावे. धारवाडची मानसिक आरोग्य संस्था या भागापासून दूर नाही. देह सावरला की गादीसमोर आणावे. आणि तो पुन्हा घसरला, तर त्यास शपथमोड्या न म्हणता रोग उलटला असे समजून पुन्हा वैद्याकडे न्यावे.

झोळी एकदाच पुढे करावयाची नसते. ती पुन्हा पुन्हा पुढे करावी लागते, हेच तिचे माहात्म्य.