विद्यापीठाच्या दारातही बदलीच?

गिरणीकामगार बंधूंनो आणि भगिनींनो,

आपण शिकलो चौथीपर्यंत. आपली पोरं आता एम. ए., एम. एस्सी. होतायत. विद्यापीठात नोकरीचं नाव काढलं की शेजारी म्हणतो, "तिथं वशिला लागतो." वशिला चालतो, ते आम्ही नाकारत नाही. पण कायद्याचाही एक दरवाजा आहे, आणि तो आपल्या वस्तीत येऊन कुणी दाखवत नाही.

सहाय्यक प्राध्यापक ही पहिली पायरी. त्याला पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण लागतात, मागासवर्गीयांना आणि दिव्यांगांना ५०. वर नेट किंवा सेट ही परीक्षा. विद्यापीठातल्या जागांना पीएच. डी. सक्तीची करण्याचा घाट २०१८ च्या नियमांत घातला होता. २०२३ साली ती अट काढली. तेव्हा पीएच. डी. नाही म्हणून अर्जच न भरणं हा शुद्ध तोटा.

सेट घेतं पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ. ती महाराष्ट्र आणि गोव्यापुरती चालते आणि तिचा पहिला पेपर मराठीतही असतो. नेट देशभर चालते, पण भाषाविषय सोडले तर प्रश्न इंग्रजीत आणि हिंदीत. १ मे १९६० ला मराठी राज्य झालं, तरी नेटला बसताना मराठी पोराला भाषा उसनी घ्यावी लागते! दोन्ही परीक्षांत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पोरांना सांगा, एकही प्रश्न कोरा ठेवू नका.

प्राध्यापकीच कशाला? लिपिक, प्रयोगशाळा सहाय्यक, ग्रंथालय परिचर, शिपाई हीही माणसं विद्यापीठाला लागतात. जाहिरात वर्तमानपत्रात आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळावर येते, मुदत थोडी असते. जात वैधता प्रमाणपत्राला महिनोन्‌महिने जातात. जाहिरात बघून धावाल तर गाडी चुकली. कागद आधी काढून ठेवा. टंकलेखनाचा दाखलाही.

आता खरं दुखणं. कॉलेजातली पक्की पदं वर्षानुवर्षं रिकामी ठेवतात आणि शिकवायला माणसं घेतात तासिका तत्त्वावर. तास झाला तर पैसे, सुट्टी लागली की हात रिकामे, पुढच्या वर्षी पुन्हा नवी नेमणूक. बंधूंनो, ही आपली बदलीच की! सकाळी फाटकाशी उभं राहायचं, नाव पुकारलं तर आत. फरक एवढाच की त्या बदलीवाल्याच्या खिशात सेटचं प्रमाणपत्र असतं. त्यांची आणि आपली मागणी एकच, रिकाम्या जागा कायम भरा.

आमच्या चाळीतल्या एका पोराला एका संस्थेनं मुलाखतीआधीच विचारलं, देणगी किती देणार? बापानं फंडातले पैसे काढायची तयारी केली. आम्ही त्याला अडवलं. अशी देणगी म्हणजे लाच, आणि तिची पावती मिळत नाही. जागा सरकारी पगाराची असली तर जाहिरात कुठली, उमेदवार किती, निवड कशी झाली, हे माहिती अधिकाराखाली विचारता येतं. कायदा २००५ चा आहे. अर्जाला दहा रुपये लागतात.

रविवारी पाळी सुटल्यावर युनियनच्या हापिसात या. येताना पोरांच्या गुणपत्रिका आणा, पोरीच्याही आणा.