महाड-पोलादपूरच्या वाटेवरील सावली

मुंबईहून गोव्याकडे जाणारा हमरस्ता महाड ओलांडून पोलादपुरास येतो. तेथून पुढें कशेडीचा डोंगर लागतो. या रस्त्याच्या चौपदरीकरणांत दुतर्फाचे जुने वृक्ष तोडले गेले. रस्ता रुंद झाला, परंतु पांथस्थाची सावली हरपली.

मनुष्यांस व पशूंस छाया मिळावी म्हणून आपण मार्गांवर वड लावविले, असें सम्राट अशोकानें स्तंभलेखांत नमूद केलें आहे. सन २०१५ मध्यें केंद्र सरकारनेंही हरित महामार्गांचें धोरण जाहीर केलें. हेतु उत्तमच, प्रश्न आहे तो रोप जगविण्याचा. आषाढांत लावलेलें रोप पावसावर तरारतें. दिवाळीनंतर मात्र तें पाण्यावांचून सुकतें, किंवा गुरांच्या तोंडीं पडतें. म्हणून खणलेले खड्डे मोजूं नयेत. तिसऱ्या उन्हाळ्यानंतर उभीं असलेलीं झाडें मोजावीं.

दुसरी गोष्ट जागेची. दुभाजकांतील कण्हेर समोरच्या दिव्यांची तिरीप अडविते, पण सावली देत नाहीं. वड, जांभूळ, करंज यांस कडेपासून दूर, ऐसपैस जागा हवी. घाटांतील उतारांवर तर मुळांचेंच काम मोठें. २२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांतील तळिये गांवावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसें गेलीं. एवढी खोल दरड झाडांनीं थांबत नाहीं, हें खरें. तथापि वाळ्यासारखें गवत व झुडपें वरची माती धरून ठेवितात आणि लहान घसरणी टळतात.

ठेकेदाराची मुदत संपते, झाडाची गरज संपत नाहीं. तेव्हां आपल्या शिवेंतील रोपांस तीन उन्हाळे पाणी घालण्याचा पत्कर प्रत्येक गांवानें घ्यावा, एवढीच विनंती.